विंगेत बसून कळलेले नाटककार: तुमचा आवडता कोणता आणि कशामुळे?

विंगेतली

मी सांगलीची. दिवसा बँकेत नोकरी आणि संध्याकाळी हौशी संस्थेच्या तालमी, असं आयुष्य गेलं. तोंडाला रंग लावून दोनदाच उभी राहिले, बाकी सगळी वर्षं विंगेत, प्रॉम्प्टर म्हणून, म्हणजे नट अडला की पुढचा शब्द कुजबुजणारी. भावे नाट्यमंदिरात डाव्या विंगेत उलट्या खोक्यावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात बॅटरी. उजेड स्टेजवर सांडू नये म्हणून बॅटरीच्या काचेवर निळा जिलेटिन कागद. राज्य नाट्य स्पर्धेच्या कितीतरी प्राथमिक फेऱ्या मी त्या निळ्या उजेडात काढल्या.

त्यामुळे नाटककार मला आधी विंगेतून कळले आणि पुस्तकातून नंतर. कोणतं वाक्य दहाव्या तालमीलाही नटाच्या जिभेवर बसत नाही आणि कोणतं पहिल्या वाचनालाच बसतं, हे प्रॉम्प्टरला नेमकं ठाऊक असतं. माझी आवडनिवड त्यातूनच तयार झाली.

माझे सर्वांत लाडके विजय तेंडुलकर, आणि त्यांतही 'शांतता! कोर्ट चालू आहे'. रंगायन ह्या नाट्यसंस्थेने ते 1967 साली केलं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, नायिका बेणारे सुलभा देशपांडे. नाटकवाल्यांची मंडळी वेळ घालवायला खोटा खटला खेळतात, आरोपी बेणारे, आणि खेळ खरा होत जातो. मी काही तो प्रयोग पाहिलेला नाही. आमच्या संस्थेने ते केलं तेव्हा पहिल्यांदा हातात आलं. पहिल्या वाचनाला वाटलं, ह्यात पाठ काय करायचं? अर्धी वाक्यं, टिंबं, मध्येच तोडलेलं बोलणं. पाठांतराला सोपं, असं सगळेच म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात कळलं की ह्याच्याइतकं अवघड दुसरं नाही. खटल्यातला वकील सुखात्मे काय म्हणतो हे पाठ होतं, पण तो कधी थांबतो हेही पाठ करावं लागतं. अर्थ तिथेच असतो.

एक प्रयोग मी विसरणार नाही. बेणारे करणारी मैत्रीण एका वाक्यावर थांबली. संहितेत तिथे पॉज होताच, पण तो लांबला. मी पुढचा शब्द कुजबुजायला ओठ उघडले आणि तिच्याकडे पाहिलं. ती न्यायाधीश झालेल्या काशीकरकडे बघत होती. वाक्य विसरलेला नट विंगेकडे बघतो, निदान त्याची मान तरी इकडे वळते. पॉज घेतलेला नट समोरच्या पात्रावरून नजर काढत नाही. मी ओठ मिटले. तीन-चार सेकंद असतील. प्रेक्षागृहात कुणी खोकललंसुद्धा नाही. मग ती बोलली. त्या दिवशी मला तेंडुलकर कळले.

त्या नाटकातली दाराची कडी आठवा. सुरुवातीला बेणारे सामंतबरोबर हॉलमध्ये येते, कडी तिच्या बोटाला लागते, ती बोट चोखते. प्रेक्षकाला वाटतं, सहज आहे. पुढे खेळातला खटला तिच्यावर उलटतो, ती निघून जायला बघते, तेव्हा तीच कडी बाहेरून अडकलेली असते. कुणी ठरवून कोंडलेलं नाही. एवढ्याशा कडीत सगळं नाटक बसवलं आहे, आणि त्यासाठी एक वाक्यही जास्तीचं लिहिलेलं नाही.

तर तुमचा आवडता नाटककार कोणता आणि त्याच्यातलं नेमकं काय आवडतं? नाव घ्याल तर एखादा प्रवेश, एखादी जागा सांगा. नुसत्या यादीने माझं पोट भरणार नाही.

मुळामुठा

फार सुंदर धागा. वाचनखूण साठवली. नजर कुठे वळते हे डोक्यात राहील. सविस्तर रात्री लिहितो.

जुना बाक

ताई, तुमचं लिहिणं वाचून शाळेतले दिवस आठवले. मी मराठी शिकवत होतो. माझं उत्तर आजच्या मुलांना जुनं वाटेल: राम गणेश गडकरी.

गडकऱ्यांची भाषा बोजड, अलंकारिक, असं सगळे म्हणतात. पण ती कोणत्या थिएटरसाठी लिहिली होती ते बघा. ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या बाकावरच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे आणि शब्द निसटला तरी अर्थ निसटता कामा नये. म्हणून वाक्य लाटेसारखं येतं, एकच गोष्ट तीन उपमांनी सांगतं, यमकावर आदळतं. कानाला पुढचा शब्द आधीच कळतो. ही सजावट आहे असं मला वाटत नाही, तो आवाज लांब पोचवण्याचा उपाय आहे. माझे वडील अंगणात 'एकच प्याला' मोठ्याने वाचत, तेव्हा गल्लीच्या टोकाला बसलेले लोक कान देऊन ऐकत. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा.

आणि तळीराम! दारूबाजांची सभा भरवणारा, दारूच्या बाजूने एकाहून एक बिनतोड मुद्दे मांडणारा. लेखकाला दारूविरुद्ध लिहायचं आहे, तरी सगळी बुद्धी, सगळा विनोद त्याने तळीरामाच्या पदरात टाकला. प्रेक्षक हसत हसत त्याच्याशी सहमत होतो आणि मग सुधाकराचं घर बुडताना बघतो. शत्रूला एवढी ताकद द्यायला छाती लागते.

सिंधूचं मात्र आज वाचताना मला जड जातं. नवऱ्याने इतकं उद्ध्वस्त केल्यावरही ती शेवटपर्यंत त्याला पाठीशी घालते. माझ्या मुलीने ते वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं. मी तिला समजवायला गेलो नाही, तिचं बरोबर होतं. तरीही दळण दळणारी सिंधू डोळ्यांसमोरून हलत नाही.

गडकरी 23 जानेवारी 1919 ला सावनेरला गेले, वय 33. 'एकच प्याला' त्यानंतर महिन्याभराने बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणलं, सिंधू बालगंधर्व. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी केली. म्हणजे आपलं सर्वांत गाजलेलं नाटक त्या माणसाने स्टेजवर कधी ऐकलंच नाही. मला ह्याचं आजही वाईट वाटतं.

विंगेतली

सर, शेवटचं वाचून गलबललं.

गडकऱ्यांचं प्रॉम्प्टिंग मी एकदाच केलंय, 'भावबंधन'मधल्या प्रवेशांचं. तिथे पूर्ण वाक्य सांगून चालत नाही, पुढच्या उपमेचा पहिला शब्द द्यायचा. तो मिळाला की नट पुढची आख्खी साखळी ओढत नेतो. पण मधली एक कडी निसटली तर स्वतःच्या शब्दांनी जोडता येत नाही, लगेच ठिगळ दिसतं. लांबवर आवाज पोचवण्याचा तुमचा मुद्दा मला पटला, कारण त्या वाक्यांत श्वास घ्यायच्या जागा अगदी पक्क्या आहेत. नटाचा दम कधीही मध्ये तुटत नाही.

तेरेखोल

आमच्याकडे प्रॉम्प्टर नाही आणि संहिताही नाही. मी कोकणातल्या दशावतारी नाटकवाल्यांच्या घरचा. आधी आडदशावतार म्हणजे पूर्वरंग, त्यात संकासुर, मग आख्यान. कथा ठरलेली, पण संवाद नट उभ्या उभ्या तयार करतात. समोरचा राजा काय बोलेल ते दुसऱ्या राजाला ठाऊक नसतं. माझे आजोबा म्हणत, 'आयकल्याशिवाय बोलूक येवचा नाय.' रात्री धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, असला की आजी सांजेलाच जेवण उरकायची.

तेव्हा आवडता नाटककार कोण ह्याचं माझं पहिलं उत्तर 'त्या रात्री स्टेजवर असलेले चौघे' असं आहे. लिहिणाऱ्यांत विचाराल तर गंगाराम गवाणकर. 'वस्त्रहरण' 1980 चं. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे पाच हजारांच्या वर प्रयोग केले. लोक त्याला नुसतं विनोदी नाटक म्हणतात, पण एका गावाला महाभारत उभं करायचंय आणि हाताशी काहीच धड नाही, ही आमच्या प्रत्येक वाडीची गोष्ट आहे. त्यातली माणसं नाटकावर जीव टाकतात म्हणून तर हसू येतं. आणि मालवणी तोवर मोठ्या नाटकात नोकराच्या तोंडी असायची. गवाणकरांनी सगळं नाटकच तिच्यावर उभं केलं. माझ्या वडिलांनी ते मुंबईत पाहिलं आणि परत येऊन म्हणाले, थिएटरात आपल्यासारखं बोलत होते रे. ते वाक्य त्यांनी आठवडाभर दिसेल त्याला सांगितलं.

चाफेकळी

तेरेखोल, 'आयकल्याशिवाय बोलूक येवचा नाय' लिहून ठेवलं.

निळी शाई

थोडा विरोधी सूर लावते, राग नसावा.

विंगेतलीताई, तेंडुलकर अर्धवट वाक्यांचे लेखक असं तुम्ही म्हणता, ते मान्य. मग बेणारेचं शेवटचं स्वगत काय आहे? लांबलचक, सलग, काव्यमय. इतका वेळ तुटक बोलणारी माणसं ऐकवली आणि शेवटी ते गडकऱ्यांच्या अंगणात गेलेच ना? मला ते स्वगत वाचायला आवडतं, पण नाटकातून उपरं वाटतं.

दुसरं, तेंडुलकरांचीच 'सखाराम बाइंडर' आणि 'गिधाडे'. मला त्यांची ताकद कळते. तरी बाईवरचे घाव इतके जवळून दाखवणं गरजेचं होतं का, हा प्रश्न माझा सुटलेला नाही. 'सखाराम'वर 1972 साली बंदीची वेळ आली, कमलाकर आणि लालन सारंग हे पतिपत्नी आणि मंडळी कोर्टात गेली, लढली, हे सगळं वाचलंय आणि त्यांच्याबद्दल आदर आहे. बंदी चूकच. पण बंदी चूक म्हणून माझी अस्वस्थता चूक ठरत नाही.

विंगेतली

राग कसला? ह्यासाठीच तर विचारलं.

स्वगताचं माझं उत्तर विंगेतलंच आहे. तिला बाजू मांडायला दहा सेकंद देतात. ती बोलायला लागते तेव्हा बाकी सगळे गोठतात. आम्ही केलं तेव्हा काशीकर करणाऱ्याचं कान कोरणंसुद्धा अर्ध्यावर थांबलेलं असायचं. म्हणजे ती सलग बोलते, पण कुणाच्याही कानावर ते पडत नाही. त्या खोलीत तिला अखंड बोलता येईल अशी एकच अवस्था आहे, जिथे ऐकणारं कुणी नसेल. मग कोर्ट पुन्हा सुरू होतं आणि निकाल लागतो, जणू ती काही बोललीच नाही. गडकऱ्यांचं स्वगत प्रेक्षकाला विश्वासात घेतं. हे तसं नाही, हे ऐकताना आपणही गोठलेल्यांत मोजले जातो.

'गिधाडे'बद्दल तुमची अस्वस्थता मी पुसणार नाही. फक्त एक आठवण देते. 1970 साली डॉ. लागूंनी ते केलं तेव्हा सेन्सॉरने साडीवरच्या लाल डागाला हरकत घेतली. मग त्यांनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगून टाकलं की हा निळा डाग लाल समजावा. मला वाटतं, ते ऐकल्यावर त्या डागावरून कुणाची नजर हटली नसेल.

निळी शाई

गोठलेल्यांत आपण मोजले जातो, ह्यावर विचार करतेय. पुन्हा वाचते आणि येते.

वैनगंगा

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला. वडसा म्हणजे आमची नाटकांची पेठ. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो. गावात मंडई (जत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) असला की रात्री नाटक ठरलेलं, आणि ते रात्रभर. थंडीत घोंगड्या, चादरी घेऊन माणसं मांडवात बसतात. सकाळी तांबडं फुटताना शेवटचा प्रवेश. माझ्या मामाच्या गावात तर नाटकाच्या निमित्ताने सोयरिका जुळतात, कारण त्या दिवशी प्रत्येक घरी पाहुणे असतात. आमच्या नाटककारांची नावं पुण्या-मुंबईच्या यादीत येत नाहीत, म्हणून आधी हे लिहिलं.

माझा आवडता नाटककार विदर्भातलाच, पण तिकडच्या टोकाचा. महेश एलकुंचवार, पारव्याचे. त्यांची नाटकाशी गाठ कशी पडली ते अनेकांना ठाऊक असेल. सिनेमाला गेले, तिकिटं संपलेली, म्हणून नाटकाला जाऊन बसले. ते होतं तेंडुलकरांचं 'मी जिंकलो! मी हरलो!', दिग्दर्शन विजयाबाई मेहतांचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पाहिलं आणि ठरवलं, आपण हेच करायचं.

'वाडा चिरेबंदी' 1985 चं, तेही विजयाबाईंनीच बसवलं. धरणगावकर देशपांड्यांचा वाडा. घरातले वडील तात्याजी गेलेत, तेराव्यासाठी सगळे जमलेत. अंगणात एक बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत उभा आहे, तो कुणी हलवत नाही. म्हातारी दादी आतून सारखी विचारते, किती वाजले. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं, कारण माझी आजी तेच करायची. चौथ्या-पाचव्यांदा दादीने विचारल्यावर पुस्तक खाली ठेवलं.

दागिन्यांचा प्रवेश तर काय सांगू. रात्री थोरला मुलगा भास्कर पेटीतलं सोनं काढतो आणि आपल्या बायकोच्या, म्हणजे घरच्यांच्या वहिनीच्या, अंगावर एकेक चढवत जातो. दिवसभर चुलीपुढे राबलेली बाई. त्या सोन्याखाली तिचा चेहरा बदलतो. वाटणीचं भांडण चालू असताना, हेवेदावे चालू असताना, लेखक दोन घटका थांबून ह्या नवराबायकोला एकमेकांकडे बघू देतो. भास्कर अप्पलपोटा आहे, तरी त्या रात्री मला त्याची कीव येते. पुढे ते सोनं घेऊन त्यांची मुलगी रंजू शिकवणीच्या मास्तरबरोबर पळते तेव्हा नुसतं सोनं गेलं असं वाटत नाही.

आमच्या काकांचा वाडा तीन भावांत वाटला गेला. मधल्या चौकात विटांची भिंत आली. तुळशीवृंदावन भिंतीच्या नेमकं पलीकडे राहिलं. आई अजून दिवा लावताना भिंतीकडे तोंड करून हात जोडते. म्हणून मला एलकुंचवार.

जुना बाक

वैनगंगा, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. पुढची दोन नाटकं, 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त', जरूर वाचा. चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही सलग बसवली होती 1994 साली, आविष्कार संस्थेतर्फे. मी ते सबंध बसून पाहिलं. मध्ये जेवणाची सुट्टी होती आणि जेवताना अनोळखी माणसं एकमेकांशी देशपांड्यांच्या घराबद्दल बोलत होती, नातेवाईक असल्यासारखी.

मुळामुठा

रात्रीचा शब्द पाळतो. माझे सतीश आळेकर.

'महानिर्वाण', 1974, थिएटर अकादमी. भाऊराव कीर्तनकार मेलेत आणि स्वतःच्या मरणाचं कीर्तन स्वतःच करतायत. त्यांना जुन्याच स्मशानात जाळून घ्यायचंय आणि ते तर बंद झालंय. प्रेत घरात, चाळकरी जमलेले, मुलगा नाना यायचा आहे. आणि बायको रमेला तिरडी उचलायला आलेल्यांतला डावीकडून तिसरा आवडतो.

मी विशीत असताना हे पाहून पोट धरून हसलो होतो. पुढे दहा वर्षांनी वडील गेले. घरी चाळकरी जमले आणि कुणीतरी मला विचारलं, गवऱ्या किती सांगायच्या? कुणी म्हणालं, पासाची झेरॉक्स काढून ठेव. मी मधोमध उभा, आणि डोक्यात 'महानिर्वाण'चे टाळ वाजायला लागले. तेव्हा समजलं की आळेकरांनी काहीही वाढवून लिहिलेलं नाही. मरणाच्या दारात माणसं असंच बोलतात. कीर्तनाचा बाज घेतला म्हणून ते आपल्याला ऐकवलं जातं, साध्या संवादात ऐकवलं असतं तर आपण उठून गेलो असतो.

'बेगम बर्वे'त तर ते आणखी पुढे जातात. संगीत नाटकात कधीकाळी बारीकसारीक स्त्रीभूमिका केलेला, आता उदबत्त्या विकणारा बर्वे, आणि दोन कारकून. वास्तव आणि नाट्यपदांतलं जग ह्यांच्यातली भिंत विरघळते. बालगंधर्वांवर आपण एवढं लिहिलं, पण त्या कंपनीत शेवटच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे आळेकरांनी विचारलं.

जाता जाता, शब्दांबद्दल एवढं बोलतोय तर 'घाशीराम कोतवाल'मधली ब्राह्मणांची भिंत विसरू नये. डिसेंबर 1972, भरत नाट्य मंदिर. माणसांची रांग कधी पडदा होते, कधी वाडा, कधी जमाव. तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, चंदावरकरांचं संगीत, मुळगुंदांची नृत्यरचना. ते नाटक नुसतं वाचून निम्मंही हाती लागत नाही.

एडिसन

इथे न्यू जर्सीत मंडळाच्या कार्यक्रमात आम्ही जयवंत दळवींचं 'संध्याछाया' वाचलं होतं. नुसतं अभिवाचन, खुर्च्या मांडून. नाना आणि नानी, एक मुलगा अमेरिकेत, एक सैन्यात. प्रेक्षकांतले आम्ही सगळे त्या पहिल्या मुलाच्या जागी. मध्यंतरात चहाच्या टेबलाशी कुणी बोलेना. पार्किंगमध्ये बघितलं तर चारपाच गाड्यांत लोक इंजिन बंद करून फोनवर. भारतात तेव्हा पहाट होती.

दळवी कुणालाही खलनायक करत नाहीत. मुलाचंही चुकलेलं नाही. त्याला तिथलं घर आहे, लग्न आहे. म्हणूनच ते नाटक संपता संपत नाही.

एवढंच. जास्त लिहवत नाही.

तिसरी पाळी

हा धागा वाचून बरेच दिवसांनी लॉगिन केलं.

जयंत पवार. 'अधांतर'.

माझे वडील मुंबईत कापड गिरणीत, साच्याखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत. अडीच लाख कामगार बाहेर. वडील म्हणाले, दोन महिन्यांत मिटेल. भोंगा वाजायचा बंद झाला त्याचं आम्हा मुलांना पहिल्यांदा बरंच वाटलं, कारण सकाळी झोप मोडायची नाही. आई मात्र त्याच वेळेला उठून बसायची. डबा करायचा नसायचा, तरी.

'अधांतर' मी 1997-98 ला पाहिलं. चाळीतली एक खोली. आई, तीन मुलगे, एक मुलगी. संपावर भाषण देणारा त्यात कुणी नाही. पोरगा क्रिकेटचं बोलतो, एक भाईगिरीकडे सरकतो, एक पुस्तकांत डोकं घालून बसतो आणि घरात सगळे एकमेकांवर खेकसतात. एवढ्याशा खोलीत प्रत्येकाला उभं राहायला जागा कमी, म्हणून वाक्यंही एकमेकांना धक्के मारत येतात. आमच्या घरी असंच बोलत. प्रेमाने कुणी काही म्हटलेलं मला आठवत नाही. पण रात्री उशिरा आलेल्या भावाचं ताट झाकून ठेवलेलं असायचं.

पवारांनी गिरणगावाची दया केली नाही, ह्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. दया करणारे खूप भेटले. त्यांनी त्या पोरांचा राग, खोटारडेपणा, स्वप्नं जशीच्या तशी ठेवली. वडिलांना मी नाटकाला घेऊन गेलो होतो. मध्यंतरात म्हणाले, ही आपली खोली ह्यांनी कधी बघितली? नाटक संपल्यावर ते उठले नाहीत. रांगेतले लोक आमच्या गुडघ्यांवरून गेले, आम्ही बसून राहिलो.

2021 साली पवार गेले तेव्हा वडील नव्हते. मी घरी एकट्यानेच पुस्तक काढून आईचे संवाद मोठ्याने वाचले.

विंगेतली

तिसरी पाळी, तुमच्या वडिलांचं ते वाक्य नाटककारासाठी कोणत्याही पुरस्काराहून मोठं आहे. लिहिलंत ते फार बरं केलंत.

चाफेकळी

इतकी नावं आली, एकही बाई नाही. ही तक्रार तुमच्यापैकी कुणावर नाही, माझी यादीसुद्धा अशीच सुरू झाली असती.

म्हणून हिराबाई पेडणेकर. सावंतवाडीकडच्या, कलावंत घराण्यातल्या. 'दामिनी' हे त्यांचं नाटक केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने रंगमंचावर आणलं 1912 च्या सुमारास. तेव्हा स्त्रीची भूमिकासुद्धा पुरुष करत होते, आणि ही बाई नाटक लिहून कंपनीला देते! गडकरी-खाडिलकरांच्या काळातलं हे नाव आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. मला ते वसंत कानेटकरांच्या 'कस्तुरीमृग' ह्या त्यांच्यावरच्या नाटकामुळे कळलं.

पुढच्यांत सई परांजपे, 'जास्वंदी'साठी. आणि आजच्यांत इरावती कर्णिक, मनस्विनी लता रवींद्र. ह्यांच्या नाटकांतल्या बायका वाक्य सुरू करून मध्येच आपलं मत बदलतात. मी आणि माझ्या मैत्रिणी असंच बोलतो, आणि ते स्टेजवर ऐकायला मला तिशी उलटावी लागली.

तेंडुलकरांइतकीच मला प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' ही एकांकिका आवडते. दोन पात्रं, रिकामं स्टेज, तहान. कॉलेजात केली होती. दोन नटांवर भागते म्हणून निवडली. करताना कळलं की आमच्यातल्या एकाला ती करताना पाणी पिववत नव्हतं. तालमीनंतर तो तांब्या समोर ठेवून बसायचा. आम्ही कधी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

जुना बाक

हिराबाईंबद्दल मी इतकी वर्षं शिकवूनही वर्गात एक ओळ सांगितली नाही. 'दामिनी' कुठे वाचायला मिळेल ते उद्या ग्रंथालयात विचारतो आणि इथे कळवतो.

निळी शाई

परत आले. 'शांतता' रात्री पुन्हा वाचलं. ह्या वेळी सामंतवर डोळा ठेवला. खटल्यात बोलायला काही नाही म्हणून हातातल्या कादंबरीतलं वाचून साक्ष देतो, आणि ती साक्ष बेणारेला चिकटते. त्या माणसाच्या मनात कपट नाही. शेवटी तोच पुतण्यासाठी आणलेला कापडी पोपट तिच्याजवळ ठेवून निघून जातो. तिच्याशी बोलायचं त्याला सुचत नाही.

स्वगत अजूनही मला थोडं जास्त वाटतं. पोपटाने मात्र मला रडवलं. 'सखाराम'चा प्रश्न तसाच आहे.

तालीम चालू

सगळ्यांना नमस्कार. मी इथे फक्त वाचायला येते. आमचा गट यंदा स्पर्धेत 'वाडा चिरेबंदी' करतोय आणि प्रॉम्प्टिंग माझ्याकडे आलंय. पहिल्यांदाच. विंगेतलीताई, पॉज संहितेत कसे लिहून ठेवायचे? आणि दादीचं 'किती वाजले' दर वेळी चुकीच्या जागी पडतंय, काय करू?

विंगेतली

अगं, किती छान! सावकाश सांगते.

पहिल्या आठ-दहा तालमी संहितेत काहीही खूण करू नकोस. पॉज अजून जागा बदलत असतात. नंतर शिसपेन्सिलीने, मऊ शिशाच्या, ओळीच्या वर आडवी रेघ काढ. एक श्वास तर एक रेघ, दोन श्वास तर दोन. शाई नको, शेवटच्या आठवड्यात दिग्दर्शक बदलतोच.

दादीचं काम करणारीला प्रॉम्प्टवर अवलंबून ठेवू नकोस. तिला तिचा प्रश्न पाठ असणार, चुकतेय ती वेळ. तिला आतल्या बाजूला बसवून बाकीच्यांचं नाटक नुसतं ऐकायला सांग, दोन दिवस, स्वतःचं वाक्य न म्हणता. तिसऱ्या दिवशी म्हणू दे. तेरेखोलच्या आजोबांनी सांगितलंय तेच.

दागिन्यांच्या प्रवेशाला तू स्वतः संहितेकडे बघू नकोस, भास्कर आणि वहिनीच्या मानेकडे बघ. मान विंगेकडे आली तरच शब्द दे, नाहीतर गप्प बसून राहा, कितीही वेळ जाऊ दे. आणि खऱ्या प्रयोगात बांगड्या वाजतात, त्या आवाजात तुझं कुजबुजणं पोचत नाही. रंगीत तालमीला बांगड्या घालूनच करायला लाव.

दोन बॅटऱ्या जवळ ठेव. केंद्र कोणतं आलंय ते कळव, सांगलीच्या जवळ असलं तर मी येईन.